बाजाराचा रस्ता

माझी मुलगी दहावीला गेली त्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात नाव घातले. बी.ए. लग्नाआधीच झाले होते. मध्ये सतरा वर्षे गेली आणि मग एम.ए. समाजशास्त्राचा अर्ज भरला. वर्गातली मुले-मुली मला आधी 'मॅडम' म्हणायची, महिनाभरात 'ताई' म्हणू लागली. दुसऱ्या वर्षी गटाने करायचा संशोधन प्रकल्प आला. आमच्या गटाला विषय मिळाला, 'बाहेरून आलेल्या लोकांविषयी स्थानिकांचा दृष्टिकोन'. विषय ऐकून मला हायसे वाटले. यात आपल्याला काय अवघड, असा माझा समज होता. मुसलमान बाई म्हणून परकेपणाची नजर मी ओळखतेच, तेव्हा या प्रकल्पात मी नजर ओळखणाऱ्यांच्या बाजूला असणार, असे मी धरून चालले होते. तो समज कसा गळून पडला, ते सांगण्यासाठी हा लेख.

गटात आम्ही पाच जण होतो. पाथर्डी तालुक्यातली एक मुलगी, राहुरीकडचा एका ऊस बागायतदाराचा मुलगा, तारकपूरचा एक सिंधी मुलगा, आकडेमोडीत हुशार अशी संगमनेरची मुलगी आणि मी. पहिले भांडण प्रश्नावलीच्या पहिल्याच ओळीवर झाले. बाहेरून आलेल्यांना म्हणायचे काय? राहुरीच्या मुलाने 'परप्रांतीय' लिहिले. पाथर्डीची मुलगी म्हणाली, "मग माझे आईवडील कोण? ते दर दिवाळीनंतर तुमच्याच भागात ऊस तोडायला येतात. पाथर्डी काय परप्रांतात आहे?" तो गप्प झाला. एकाच जिल्ह्यातली दोन मुले, आणि एकाच्या गावात दुसरीचे आईबाप 'टोळीवाले' म्हणून ओळखले जात होते. तेव्हाच आमच्या ध्यानात आले की बाहेरचा कोण, हे नकाशावरच्या रेषेवरून ठरत नाही.

आम्ही तीन प्रकारचे लोक निवडले. ऊसतोड मजूर, नागापूरच्या एम.आय.डी.सी.त काम करणारे उत्तर भारतातले कामगार आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली जुनी कुटुंबे. त्यांच्याशी बोलायचे आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या स्थानिकांशीही बोलायचे, असे ठरले.

आपल्या जिल्ह्याचे सगळे वैभव उसावर उभे आहे. लोणीजवळ प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर कारखाने झाले. त्या कारखान्यांच्या पट्ट्यातून ऊस ज्यांच्या हातांनी येतो, ते हात बीड आणि पाथर्डीकडचे. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून आधी 'उचल' घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडत राहायचे. आम्ही ज्या कोप्यांवर गेलो तिथे दुपारी चारच्या सुमारास बायका फडावरून परतत होत्या. एका बाईला आम्ही विचारले, "गावातले लोक तुमच्याशी कसे वागतात?" ती मोळीचे बंध सोडता सोडता म्हणाली, "वागायला बोलाय तर पाहिजे ना बाई. अकरा हंगाम झाले, कुणी नाव इचारलं नाही."

त्याच गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला मात्र "या पाव्हणं, कुठलं गाव?" म्हणून हाक मारली आणि चहा पाजला. आपल्या खेड्यात अनोळखी माणसाला 'पाव्हणं' म्हणायची रीत आहे. किती सुंदर रीत! पण चहा संपेस्तोवर लक्षात आले की हा शब्द मोटारसायकलवरून आलेल्यांसाठी होता. बैलगाडीतून संसार घेऊन आलेल्यांसाठी नव्हता.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी आम्हाला बोगार्डस नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाची पट्टी शिकवली होती. सुमारे शंभर वर्षांपूर्वी त्याने 'सामाजिक अंतर' मोजायची ही युक्ती काढली. एखाद्या समूहातल्या माणसाला तुम्ही कुठपर्यंत जवळ येऊ द्याल, ते सात पायऱ्यांवर विचारायचे. लग्नाच्या नात्यात घ्याल का? जवळचा मित्र कराल का? शेजारी चालेल का? कामावर सोबत चालेल का? देशाचा नागरिक म्हणून चालेल का? नुसता पाहुणा म्हणून चालेल का? की येऊच नये? आम्ही नागरिकाची पायरी बदलून 'गावात कायमचा रहिवासी' असे केले. कारण आम्ही ज्यांच्याविषयी विचारत होतो ते सगळे आधीच नागरिक होते. देशात कुठेही जाण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19व्या कलमाने त्यांना दिलेला आहे.

ही पट्टी घेऊन शहरातल्या एका वसाहतीत मी आणि संगमनेरची मुलगी दारोदार फिरलो. एका घरी बाईंनी फार अगत्याने बसवले, प्रश्नांची उत्तरे दिली. फॉर्मवरचे माझे नाव वाचून त्या म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो. तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी म्हणाले, "करमाळ्याची."

"नाही, त्याच्या आधीच्या?"

त्याच्या आधीच्याही आम्ही करमाळ्याच्याच. माझे आजोबा तिथे मोटेच्या चामड्याचे काम करायचे आणि त्यांची मराठी माझ्यापेक्षा अस्सल होती. पण मी काही बोलले नाही. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी निघताना आग्रहाने लाडू दिला. तो लाडू हातात धरून मी रिक्षापर्यंत चालत आले, आणि ज्यांच्याविषयी आपण विचारत फिरतोय त्या यादीत आपलेही नाव आहे, हे मला कळले. दुखावले गेल्याचा एक ताठा असतो. तो त्या दिवशी माझ्यात शिरला.

तो ताठा घेऊनच मी आमच्या मुकुंदनगरमधली घरे करायला घेतली. वाटले होते, इथे वेगळी उत्तरे येतील. ज्यांना टोचले आहे ते दुसऱ्याला टोचणार नाहीत. पण उत्तरे तीच आली. 'ते बिहारी लोक कमी मजुरीत राबतात, त्यामुळे आपल्या पोरांना काम मिळत नाही.' 'एका खोलीत आठ-आठ जण राहतात.' 'नमाजला आपल्याच सफमध्ये उभे राहतात, पण कोण, कुठले, काय माहीत?' खांद्याला खांदा लावून सजदा करायचा आणि सलाम फेरल्यावर 'कोण कुठले' विचारायचे, हे लिहून घेताना पेन जड झाले.

माझ्या सासूबाईंचाही मी फॉर्म भरला. आमच्या घरी दखनी बोलतात, इथे मी मराठीत लिहिते. लग्नाच्या पायरीवर त्या ठाम 'नाही' म्हणाल्या. मी म्हणाले, "अम्मी, मुसलमान असले तरी?" त्या म्हणाल्या, "मुसलमान आहेत, पण आपल्याकडचे नाहीत ना." मी हसून पुढचा प्रश्न विचारला. मनात म्हटले, जुन्या वळणाच्या आहेत.

प्रकल्पाच्या सुरुवातीला मॅडमनी एक नियम केला होता. लोकांना विचारण्याआधी प्रत्येकाने स्वतःचा फॉर्म भरून पाकिटात बंद करून ठेवायचा. मीही भरला होता. 'बाहेरून आलेल्या कामगार कुटुंबाला तुमच्या घरातली खोली भाड्याने द्याल का?' या प्रश्नापुढे मी 'हो' वर खूण केली होती.

आता खरी गोष्ट सांगते.

बोल्हेगावात आम्ही कारखान्यातल्या कामगारांशी बोलत होतो. उत्तर प्रदेशातला एक तिशीतला माणूस होता, वेल्डिंगचे काम करणारा. बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी सोबत. सुरुवातीला खोली शोधताना आलेला अनुभव मी त्याला विचारला. तो शांतपणे हिंदीत सांगू लागला. एका ठिकाणी 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. दाराशी कडुनिंब होता, फाटक हिरवे होते. जुम्मा होता म्हणून तो टोपी घालूनच गेला होता. वाटले, आपल्या मोहल्ल्यात तरी सोपे जाईल. आतून एक बाई आल्या, त्याचे बोलणे ऐकले, गाव विचारले आणि म्हणाल्या, खोली कालच दिली. तो परतला. पुढचे आठ दिवस कामावरून येता-जाता त्याने पाहिले, पाटी तिथेच होती.

आमच्या दाराशी कडुनिंब आहे. आमचे फाटक हिरवे आहे.

मी मान वर केली नाही. लिहीत राहिले. त्याने मला ओळखले होते की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ओळखले असेल तर त्याच्या सभ्यपणाला सलाम. नसेल ओळखले, तर माझ्यासारखी दारे त्याने इतकी पाहिली असतील की एक चेहरा लक्षात राहण्याचे कारणच नव्हते. दोन्हीपैकी कोणतेही खरे असले तरी मला त्यात सुटका नाही.

मी त्याला नाही का म्हणाले होते? मी खूप आठवून पाहिले. त्याने काही वाईट बोलले नव्हते. त्याच्या हिंदीचा हेल ऐकला आणि माझ्या तोंडून ते वाक्य आपोआप निघाले. नंतर मी ते विसरूनही गेले. इतकी विसरले की फॉर्मवर 'हो' ची खूण करताना हात अडखळलासुद्धा नाही. मी खोटे लिहिले नव्हते. मला खरेच वाटत होते की मी खोली देईन.

मॅडमना मी एकटीला गाठून हे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला ला-पिएर नावाच्या संशोधकाची गोष्ट सांगितली. 1930 नंतरच्या दोन वर्षांत तो एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. तेव्हा तिथे चिनी लोकांविषयी फार तिटकारा होता. हॉटेले आणि खानावळी धरून 251 ठिकाणी ते गेले, आणि एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारले, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' कळवले. तोंडाने नाही आणि प्रत्यक्षात हो. मॅडम म्हणाल्या, "तुमचं उलट झालं. कागदावर हो आणि दारात नाही. माणूस काय म्हणतो आणि काय करतो, यातलं अंतर हाच आपला विषय आहे. तुमचा फॉर्म फाडू नका. तो आपल्या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी फॉर्म आहे."

अहवालाची प्रस्तावना लिहायचे काम माझ्याकडे होते. त्यासाठी आपल्या नगरचा इतिहास वाचला. शहराचे सरकारी नाव आता अहिल्यानगर झाले आहे, बोलताना लोक नगरच म्हणतात. हे शहर निजामशाहीची राजधानी होते, आणि त्या दरबारात 'दख्खनी' आणि 'आफाकी' असे दोन तट होते. आफाकी म्हणजे इराण-तुराणकडून समुद्रापलीकडून आलेले. प्रसिद्ध इतिहासकार फरिश्ता याच आलेल्यांपैकी. कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादहून तो लहानपणी वडिलांबरोबर इथे आला. वडील राजपुत्राला फारसी शिकवणारे. पुढे 1589 मध्ये सत्तेच्या झगड्यातून दख्खनी तट उसळला आणि याच नगरमध्ये आफाकींची कत्तल झाली. फरिश्ता जीव वाचवून विजापूरला गेला. मला सर्वांत चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. दख्खनी तटात हबशीही होते. म्हणजे आफ्रिकेतून आणलेले लोक 'स्थानिक' झाले होते आणि इराणातून आलेले 'बाहेरचे' ठरले होते. काल आलेला आज आलेल्याला बाहेरचा म्हणतो, हे चारशे वर्षांपूर्वीही असेच होते.

त्याच हबशींपैकी एक मलिक अंबर. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. त्याने कोसळती निजामशाही सावरली, जमीन मोजून महसुलाची पद्धत घालून दिली आणि 1624 मध्ये इथून जवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. हे वाचताना मला हबशाची पहिली हिजरत आठवली. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना हबशाला पाठवले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. मक्केचे लोक भेटी घेऊन त्यांना परत न्यायला आले, तेव्हा त्याने आधी आश्रितांची बाजू ऐकली आणि त्यांना सोपवायला नकार दिला. ज्या भूमीने आपल्या पूर्वसूरींना आसरा दिला, त्याच भूमीतला एक मुलगा साडेनऊशे वर्षांनी आपल्या मातीत येऊन राहिला. आणि आपल्या वर्षांची गणनाही एका स्थलांतरापासूनच सुरू होते. हिजरी सन मोजणाऱ्या घराच्या फाटकावरून मी एका परदेशी मजुराला, छे, आपल्याच देशातल्या मजुराला परत पाठवले होते.

सादरीकरणाच्या तयारीत संगमनेरच्या मुलीने जनगणनेचा तक्ता पुढे ठेवला. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 45 कोटींहून अधिक लोक असे आहेत जे आपले पूर्वीचे राहते ठिकाण सोडून दुसरीकडे आले. त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण कोणते? आम्ही सगळे 'नोकरी' म्हणालो. उत्तर होते 'लग्न'. आणि लग्नामुळे जागा बदलणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका.

मी तो तक्ता घरी आणला. सासूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना सांगितले, "अम्मी, सरकारच्या हिशेबात तुम्ही आणि मी दोघीही बाहेरून आलेल्या. तुम्ही आष्टीच्या, मी करमाळ्याची." त्या आधी हसल्या. मग सोलता सोलता थांबल्या. म्हणाल्या, "मी आले तेव्हा वर्षभर मला सगळे 'आष्टीवाली'च म्हणायचे. माझ्या बोलण्याला हसायचे. तुझ्या सासऱ्यांच्या मावशीने तर माझ्या हातचं पाणी... जाऊ दे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणून तू आलीस तेव्हा मी ठरवलं होतं."

काय ठरवले होते ते त्यांनी सांगितले नाही, पण मला माहीत होते. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी बुरखा घातला आणि म्हणाल्या, चल, तुला कापडबाजार दाखवते. कोणत्या दुकानात भाव खरा, भाजी कुठे ताजी, रिक्षावाल्याला किती द्यायचे, दवाखान्याला जवळची गल्ली कोणती, सगळे दाखवले. त्या एका संध्याकाळी हे शहर माझे झाले. कोणाचे तरी बोट धरून बाजार पाहिला, एवढेच.

मदिनेतली एक घटना आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषित (स.) यांनी मुहाजिर आणि अन्सार यांना जोडीजोडीने भाऊ केले. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे भाऊ झाले ह. सअद बिन रबी (रजि.). सअद यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि एवढेच मागितले की मला बाजाराचा रस्ता दाखवा. मग तूप-चीज विकून ते आपल्या पायावर उभे राहिले. या घटनेत मी आजवर सअद यांचे औदार्यच पाहत आले होते. आता अब्दुर्रहमान यांचे मागणेही दिसले. बाहेरून आलेल्याला फार काही नको असते. त्याला रस्ता माहीत नसतो. तो ज्याला माहीत आहे त्याने दार उघडून दाखवायचा असतो.

सादरीकरणाच्या दिवशी मी माझी गोष्ट सर्वांसमोर सांगितली. राहुरीचा मुलगा खाली मान घालून ऐकत होता. नंतर त्याने मला सांगितले की यंदा तो वडिलांबरोबर फडात जाईल तेव्हा टोळीतल्या माणसांची नावे विचारणार आहे. तारकपूरचा मुलगा म्हणाला की त्याच्या पणजोबांना 1947 नंतर लोक 'निर्वासित' म्हणायचे आणि आता त्याचे काका दुकानातल्या बिहारी पोरांना 'तुम लोग' म्हणतात.

मी त्या वेल्डरच्या घरी गेले. माफी मागायचे ठरवून गेले होते. त्याच्या बायकोने चहा केला आणि मी ते वाक्य कसेबसे उच्चारले. तो म्हणाला, "जाने दीजिए भाभी." बस, एवढेच. आमची खोली तोवर खरेच दिली गेली होती आणि त्यालाही बोल्हेगावात खोली मिळालेली होती. तेव्हा भरपाई म्हणून करण्यासारखे काही उरले नव्हते. पण त्याची मुलगी घरीच होती. शाळेने गावाकडचा दाखला मागितला होता आणि तो आला नव्हता. 2009 चा शिक्षण हक्क कायदा मी नुकताच अभ्यासला होता. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि त्याला वयानुसार वर्गात बसवायचे असते. मी त्याच्याबरोबर शाळेत गेले. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्यांदा प्रवेश झाला. अन्नसुरक्षेच्या यादीतले गावाकडचे रेशनकार्ड असेल तर आधार जोडून इथल्या दुकानातही धान्य मिळते, हे त्याला माहीत नव्हते. तेही सांगितले. यात माझा एक पैसा खर्च झाला नाही. मला रस्ता माहीत होता, तो दाखवला.

मी हे पुण्य म्हणून मिरवत नाही. एका 'नाही' चा हिशेब असा फिटत नाही, हे मला कळते. आमच्या प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. त्याच्या आनंदापेक्षा ते बंद पाकीट मला जास्त आठवते. ते अजून माझ्या कपाटात आहे. 'हो' च्या त्या खुणेखाली मी नंतर पेन्सिलीने फक्त तारीख लिहिली, तो जुम्मा होता ती.

परवा सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. समोरच्या बांधकामावर आलेली बंगाली बोलणारी एक बाई त्यांना खुणांनी काही विचारत होती. मला वाटले, आता त्या आत येतील. पण त्यांनी चपला घातल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "हिला पिठाची गिरणी दाखवून येते."